अब्बांनी पाहिलेला चाँद

माझ्या अब्बांना आमच्या गावात काही वर्षं ‘चाँदवाले टेलर’ म्हणत. बाहेरून येणाऱ्या माणसाला वाटायचं, दुकानाचं नाव चाँद टेलर्स असेल. दुकानाला नावच नव्हतं. ‘लेडीज जेन्ट्स’ एवढंच लिहिलेली एक पाटी होती. ‘चाँदवाले’ यामागची गोष्ट वेगळी होती आणि आमच्या घरात ती कुणी काढत नसे. आज मी ती सांगणार आहे. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हाची मोठी माणसंही बहुतेक गेली.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं आमचं गाव. मी तेव्हा पाचवीत होतो, म्हणजे १९९० च्या आसपासचा काळ. रमजान त्या वर्षांत मार्च-एप्रिलमध्ये यायचा. आपल्याकडचा एप्रिल कसा असतो ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. त्यातून शिंप्याच्या घरचा रमजान. शेवटचे दहा दिवस अब्बा मशीनवरून फक्त नमाजसाठी उठत. ईदचा कपडा ईदच्या सकाळी नाही मिळाला, तर गिऱ्हाईक वर्षभर तोंड बघत नाही.

त्या दिवशी एकोणतिसावा रोजा होता. चाँद दिसला तर उद्या ईद, नाही तर तिसावा रोजा. पोरं केव्हाची धाब्यावर चढली होती. अब्बा मात्र अगदी शेवटी वर आले, गळ्यात टेप तसाच, हातात खजुराची वाटी. आमच्या पश्चिमेला एक लांबट टेकडी आहे. सूर्य तिच्यामागे जवळजवळ गेलेला, वरची एक बारीक कड तेवढी राहिलेली. दिवसभराच्या उपाशी माणसाने जसं बघावं तसं अब्बा त्या कडेकडे टक लावून बघत राहिले. ती गेली. दोन-तीन मिनिटांत अजान झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, वर बघितलं आणि ओरडले, “वो देखो! चाँद!”

मी बघितलं. मला काही दिसलं नाही.

“दिखा ना तेरेकू?” त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी म्हटलं, “हाँ अब्बा, दिखा.”

हे माझं एक वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

अब्बा तसेच मशिदीत गेले, मी मागोमाग. मगरिबनंतर चार जाणती माणसं बसली होती. मशिदीच्या छतावर पन्नास-साठ लोक चढले होते, त्यांच्यापैकी एकालाही काही दिसलं नव्हतं. आकाश निरभ्र होतं. हनफी फिकहनुसार आकाश स्वच्छ असेल तेव्हा ईदच्या चाँदसाठी एक-दोघांच्या गवाहीने भागत नाही, मोठा समूह लागतो. म्हणजे अब्बांची साक्ष तशीही स्वीकारली जाणार नव्हती. गोष्ट तिथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण त्यांना प्रश्न विचारले गेले.

किती वाजता दिसला? अजान झाल्या झाल्या. लोक हसले. इतक्या उजेडात एकोणतिसाचा चाँद दिसत नाही हे गावातल्या पोरांनाही माहीत असतं. कुठे दिसला? अब्बा बाहेर अंगणात येऊन बोट दाखवू लागले. आधी चिंचेच्या शेंड्याच्या वर, मग जरा डावीकडे, मग आणखी वर. कुणी तरी म्हणालं, “टेलर, बोट तरी एका जागी ठेवा.” मग शेवटचा प्रश्न आला, चाँद पाहणाऱ्याला आवर्जून विचारला जाणारा. कोरेची टोकं कुठल्या बाजूला होती? अब्बांनी दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत आकार काढून दाखवला. कमान वर, टोकं खाली. पालथी घातलेली होडी.

ज्याने ईदचा चाँद एकदा तरी नीट पाहिला आहे, त्याला माहीत आहे की टोकं वर असतात. कोरेची उजळ, फुगीर बाजू नेहमी सूर्याकडे असते आणि सूर्य नुकताच खाली गेलेला असतो. आपल्या भागात मार्च-एप्रिलमध्ये तर कोर जवळपास आडवी, पाण्यावर तरंगणाऱ्या होडीसारखी दिसते. उलटा चाँद ऐकल्यावर मात्र कुणी हसू आवरलं नाही. अब्बा म्हणाले, “अल्लाह की कसम, मैंने देखा.” मग एकाने माझ्याकडे वळून विचारलं, “क्यों बेटा, तूने देखा?”

मी म्हटलं, “नाही.”

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. काही तरी हिशेब चुकला की मापाच्या वहीकडे बघायचे, तसं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर त्यांनी तिसावा रोजा ठेवला. त्यानंतर कधीही, अगदी कधीही, ते एकोणतिसाला धाब्यावर गेले नाहीत. आम्ही वर ओरडत असायचो आणि खाली मशीनचा आवाज चालू असायचा.

मी पुढे डीएड केलं, नंतर बीएड. उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी शिकवतो, आणि वेळ पडली तर उर्दूही. विज्ञान हा माझा विषय नाही. पण अलीकडे एका २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, विज्ञानाच्या मॅडम रजेवर होत्या आणि प्रदर्शन माझ्या गळ्यात आलं. त्यांनी ठेवलेल्या सामानात एक कागद होता. त्यावर चुकीच्या रंगांचा तिरंगा: वर आकाशी, मध्ये काळा, खाली राणी रंग, आणि चक्राच्या जागी पिवळा ठिपका. खाली सूचना होती. ठिपक्याकडे अर्धा मिनिट न हलता बघा, मग पांढऱ्या भिंतीकडे बघा.

मुलांनी बघितलं आणि वर्गात गोंधळ उडाला. भिंतीवर खरा तिरंगा उमटत होता. केशरी, पांढरा, हिरवा. एक शिक्षक दारातून डोकावून म्हणाले, भिंतीवर तर काहीच नाही, उगाच आरडाओरडा करू नका. सातवीतली एक मुलगी जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाली, “सर, अल्लाह की कसम, दिख रहा है!”

त्या शब्दांनी मला पस्तीस वर्षं मागे नेलं. पुढचे बरेच दिवस मी जमेल ते वाचत राहिलो. नववी-दहावीची पुस्तकं काढली, मॅडमना छळलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन तऱ्हेच्या असतात. दंडाकार पेशी साधारण १२ कोटी आणि शंक्वाकार साधारण ६० लाख. शंक्वाकार पेशी भरउजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. त्यांचे तीन प्रकार: एक तांबड्या बाजूच्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देणारा, एक हिरव्या, एक निळ्या. दंडाकार पेशी अंधूक उजेडातल्या, त्यांना रंग कळत नाही आणि तांबडा प्रकाश तर त्यांना जवळपास जाणवतच नाही. म्हणून दिवेलागणीला जास्वंदीचं लाल फूल काळं दिसू लागतं आणि पानं मात्र बराच वेळ ओळखू येतात. हे पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात टिपलं. आमच्या अब्बांनाही ते माहीत होतं, नाव माहीत नव्हतं इतकंच. लाल कपड्याला दोरा जुळवायचं काम ते संध्याकाळी कधी करत नसत. “इस वक्त रंग झूट बोलते,” असं म्हणून रीळ बाजूला ठेवायचे.

या पेशींमध्ये प्रकाश पडला की बदलणारं एक रंगद्रव्य असतं. प्रकाश पडतो, ते विरतं, मेंदूकडे निरोप जातो आणि द्रव्य पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. उन्हातून घरात आल्यावर काही वेळ काही सुचत नाही, ते याचमुळे. पूर्ण अंधाराला डोळा सरावायला अर्धा तास लागू शकतो. आता एकाच जागी टक लावून राणी रंग बघत राहिलात, तर पडद्याच्या त्या भागातल्या तांबड्या आणि निळ्या प्रकारच्या पेशी थकतात, हिरव्या ताज्या राहतात. मग पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की भिंत सगळेच रंग पाठवते, पण थकलेल्या पेशी दबक्या आवाजात बोलतात आणि हिरव्या मोठ्याने. मेंदूला हिरवं दिसतं. पेशींच्या पुढे असलेल्या मज्जातंतूंच्या जोडण्यांचाही यात हात असतो, पण सुरुवात इथून होते. भिंतीवर काही नसतं. पण बघणाऱ्याच्या पडद्यावर तो ठसा खरोखर असतो. मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि भिंतीवर काही नाही म्हणणारे सरही खोटं बोलत नव्हते.

या ठशाचे गुण वाचताना माझ्या हातातला चहा थंड झाला. ठसा पडद्यावर असतो, म्हणून डोळा जिकडे वळेल तिकडे तोही सरकतो. त्याला बोटाने एका जागी धरून दाखवता येत नाही. तेजस्वी वस्तूचा ठसा काही मिनिटं टिकतो. उजळ पार्श्वभूमीवर तो काळसर वाटतो, अंधारात उजळ, आणि डोळे मिचकावले की क्षणभर पुन्हा चमकून उठतो. आणि त्याचा आकार मूळ वस्तूसारखाच राहतो. जे वर होतं ते वरच.

टेकडीमागे जाणाऱ्या सूर्याची शेवटची कड कशी दिसते? कमान वर, टोकं खाली.

त्यात आणखी एक गोष्ट. सूर्य आणि चंद्र आपल्याला आकाशात जवळपास एकाच आकाराचे दिसतात, दोन्ही साधारण अर्ध्या अंशाचे. सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकू शकतो तो म्हणूनच. म्हणजे सूर्याच्या कडेचा ठसा चंद्राच्या कोरेएवढाच वाटणार. अब्बांनी ती कड, ऊन सरलेल्या त्या उपाशी संध्याकाळी, टक लावून पाहिली होती. मग दोन-तीन मिनिटांत वर बघितलं होतं, जिथे चाँद असायला हवा तिथे.

वेळ चुकली, बोट सरकलं, टोकं उलटी. गावाने ज्या तीन गोष्टींवरून त्यांना खोटं ठरवलं, त्या तिन्ही गोष्टी त्यांनी खरोखर काही तरी पाहिलं होतं याच्या खुणा होत्या. खोटं बोलणाऱ्या माणसाने ईदच्या कार्डावर असतो तसा चाँद सांगितला असता. उलटा चाँद कोण बनवून सांगेल?

मी स्वतः करून बघितलं. सूर्याकडे बघून नाही. तसं कुणीही करू नये, मुलांना तर अजिबात करू देऊ नका, पडदा कायमचा जळू शकतो. न्यूटनने तरुणपणी आरशात सूर्याचं प्रतिबिंब बघण्याचा उद्योग केला होता, तर त्याला तीन दिवस अंधाऱ्या खोलीत बसावं लागलं, आणि तरीही सूर्याचा विचार केला की तो डोळ्यांपुढे यायचा. मी काळ्या कार्डशीटला बारीक कमानीसारखी चीर पाडली, मागे घरातला साधा दिवा लावला, खोलीत अंधार केला आणि वीस सेकंद बघितलं. मग दिवा बंद करून भिंतीकडे बघितलं. भिंतीवर पालथी होडी होती. डोळे फिरवले, ती फिरली. मिचकावले, ती चमकली. मी त्या अंधारात किती वेळ बसून राहिलो ते आठवत नाही. बायको दार वाजवत होती.

असं वाटेल की हे सगळं आजच्या विज्ञानाने दिलं. पण ज्या माणसाने यावर फार पूर्वी नीट विचार केला तो आपल्याला ओळखीचा असायला हवा. इब्न अल-हैथम, जन्म बसऱ्यात, ९६५ च्या सुमारास. पुढचं आयुष्य काहिऱ्यात. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्याचा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा ग्रंथ. त्या काळी बरेच विद्वान मानायचे की डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तूला भिडतात. त्याने ते खोडलं, आणि खोडताना ज्या साध्या अनुभवांचा आधार घेतला त्यात हाही होता: तेजस्वी वस्तूकडे बराच वेळ बघून मग अंधाऱ्या जागी नजर वळवली, तर त्या वस्तूचं रूप डोळ्यापुढे राहतं. म्हणजे प्रकाश बाहेरून येतो आणि डोळ्यावर काही तरी करतो. युनेस्कोने २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष साजरं केलं तेव्हा या ग्रंथाची हजार वर्षंही त्यात धरली होती. आमच्या शाळांमधून त्याचं नाव कुणी घेत नाही. आणि जे घेतात ते फक्त ‘आपण किती पुढे होतो’ एवढं सांगून थांबतात, त्याने नेमकं काय म्हटलं ते वाचत नाहीत. मीही त्यांच्यातलाच होतो.

त्याच बसऱ्यातला, त्याच्याही तीनेक शतकं आधीचा एक किस्सा आहे, इब्न खल्लिकानच्या चरित्रकोशात येतो. हजरत अनस बिन मालिक तेव्हा शंभरीच्या घरात होते. लोक रमजानचा चाँद बघायला गेले होते. कुणालाच दिसेना, अनस मात्र म्हणाले, तो बघा, मला दिसतोय. बरोबर इयास बिन मुआविया होते, पुढे बसऱ्याचे काझी झाले, हुशारीसाठी नावाजलेले. इयास यांनी आकाशाकडे बघायच्या आधी म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यावर आला होता. त्यांनी हलक्या हाताने भुवई सारखी केली आणि विचारलं, आता दाखवा बरं कुठे आहे? अनस म्हणाले, आता दिसत नाही.

लहानपणी हा किस्सा मी मदरशात ऐकला होता, इयासच्या बुद्धीचं कौतुक म्हणून. आता वाचताना मला दुसरंच काही दिसतं. इयासला ठाऊक होतं की चाँद नाही. तरीही त्याच्या मनात हे आलं नाही की हा माणूस खोटं बोलतोय. आमच्या मशिदीच्या अंगणात त्या संध्याकाळी चार जाणती माणसं होती. त्यांचा निर्णय बरोबर होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. चाँद नव्हताच. पण अब्बांच्या चेहऱ्याकडे कुणी बघितलं नाही.

आणि मी? मला त्या वयात रंगद्रव्य, पेशी काही माहीत नव्हतं. पण एवढं नक्की माहीत होतं की धाब्यावर मी ‘दिखा’ म्हटलं ते खोटं होतं. अब्बा मशिदीत गेले ते कदाचित त्याच बळावर. आपल्या एकट्याला नाही, पोरालाही दिसला आहे. मग तिथे सगळ्यांसमोर मी खरं बोललो, तेव्हा ते खरंही त्यांना दगा दिल्यासारखंच झालं. त्या संध्याकाळी आमच्या घरात खोटं बोलणारा एकच माणूस होता आणि त्याला पुढे गावाने मास्तर म्हणून मान दिला.

हे मी अब्बांना सांगू शकलो नाही. अम्मी आहे. मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा कार्डशीट आणि टॉर्च सोबत नेला होता. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे तिला प्रयोग करायला लावला नाही, नुसतं समजावून सांगितलं. सूर्याची कड, पेशी, ठसा, उलटी टोकं, सगळं. तिने काळा चष्मा न काढता ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, तिला रडू येईल.

ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“की त्यांना दिसला होता.” मग म्हणाली, “तू झोपला होतास. मशिदीतून आले, जेवले नाहीत, तसेच मशीनवर बसले. अकरा कुर्ते बाकी होते. म्हणाले, मैंने देखा है, कल ईद है, लोगाँ के कपडे पुरे होना. मी म्हटलं, अहो, त्यांनी तर नाही म्हणून सांगितलं. ऐकेनात. कंदिलाच्या उजेडात सहेरीपर्यंत काज-बटन करत होते. मग मीच उठवलं, की रोजा ठेवायचा आहे, दोन घास खा.”

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस लवकर ईद म्हणजे शिंप्याचं मरण. मुदत वाढली तर त्याचाच फायदा. एवढा साधा हिशेब, पण तोही त्या अंगणात कुणी मांडला नव्हता.

“मग सगळे कुर्ते झाले?” मी विचारलं.

“नऊ झाले. दोन दुसऱ्या दिवशी,” ती म्हणाली. “एकाची बाही उलटी लागली होती, ती उसवावी लागली.” आणि मान मागे टेकवून, “ते थेंब टाक आता, चार वाजले असतील.”